कोर्टाभोवतीचं कुंपण

फेरारा हे उत्तर इटलीतलं तटबंदीचं शहर. तिथल्या एका तरुणाला १९३८ मध्ये आपल्या टेनिस क्लबाचं पत्र येतं : तुमचा राजीनामा मंजूर करण्यात आला आहे. राजीनामा त्याने दिलेलाच नसतो. तो ज्यू आहे, मुसोलिनीच्या सरकारने त्या वर्षी ज्यूंविरुद्ध कायदे केले आहेत, आणि क्लबाने सभ्य भाषेत आपली यादी साफ करून घेतली आहे. थोड्याच दिवसांत त्याला एका घरातून फोन येतो. फिन्झी-कोन्तिनी हे गावातलं बडं ज्यू घराणं, आजवर उंच भिंतीआड, आपल्याआपल्यात राहिलेलं. त्या घरातली तरुण भावंडं, अल्बेर्तो आणि मिकोल, क्लबातून काढलेल्या सगळ्यांना बोलावतात. आमच्या बागेत कोर्ट आहे, खेळायला या.

ज्योर्जो बासानी यांच्या ‘फिन्झी-कोन्तिनींची बाग’ या १९६२ सालच्या कादंबरीची ही सुरुवात नव्हे, पण गाभा हाच. मुलंमुली सायकलींवरून येतात. त्या वर्षी उन्हाळा रेंगाळतो, नोव्हेंबर लागला तरी ऊन जात नाही, आणि बॉल दिसेनासा होईपर्यंत डाव चालतात. वाचताना आपणही त्या उन्हात जाऊन बसतो. पण एकही फटका निर्धास्तपणे वाचता येत नाही, कारण लेखकाने आरंभीच सांगून ठेवलंय की या घरातल्या माणसांना १९४३ मध्ये जर्मनीला नेलं गेलं आणि त्यांना कबर तरी मिळाली की नाही कोणास ठाऊक. पुढे मिकोल निवेदकाला, म्हणजे याच तरुणाला, प्रेमाबद्दल काही सांगते. ज्यांना एकमेकांवर मात करायची असते त्यांचा तो खेळ, टेनिसहून कितीतरी क्रूर, असं तिचं म्हणणं. निवेदक तिच्यावर जीव टाकून बसलेला, आणि ती हे इतक्या शांतपणे सांगते की त्या प्रकरणानंतर मला पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जावं लागलं होतं.

तरी माझ्या मनात घर करून राहिलंय ते दुसरंच पान. क्लबातून काढलेला हा तरुण सार्वजनिक वाचनालयात आपल्या प्रबंधाचं काम करत बसलेला असतो आणि एक दिवस तिथूनही त्याला उठवलं जातं. मग मिकोलचे वडील त्याला आपल्या घरच्या ग्रंथसंग्रहात येऊन बसायला सांगतात. म्हणजे आधी कोर्ट जातं, मग वाचनालय जातं, आणि दोन्ही त्याला एकाच भिंतीआड परत मिळतात, थोड्याच काळासाठी. बासानी स्वतः टेनिसचे शौकीन होते आणि त्यांनी हे सगळं भोगलेलं होतं. १९४० मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं ते टोपणनावाने, कारण ज्यू लेखकाचं नाव छापता येत नव्हतं.

हे पान मी पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात वाचलं. हे ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगिजांनी सुरू केलेलं, भारतातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. कॉलेजात असताना मी जायची तेव्हा ते इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत होतं. शेजारच्या दालनात कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्यं रंगवलेल्या निळ्या फरशा भिंतींवर. आता नवी ऐसपैस इमारत आहे. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी पोरं, पेपर चाळणारे निवृत्त लोक, पंख्याखालच्या जागेसाठी सकाळी लवकर येणाऱ्या मुली. कुणी येऊन यातल्या एकाला म्हणावं, ऊठ, तुझी जागा इथे नाही. त्या दिवशी मी माणसं बघत बसले होते, पुस्तक पुढे गेलंच नाही.

तेव्हापासून टेनिस असलेलं कुठलंही पुस्तक हाती आलं की माझं लक्ष आधी कुंपणाकडे जातं. कोण आत आहे, कोण बाहेर, दार कोण उघडतं. गेली अनेक वर्षं मी असं वाचत आलेय आणि माझी खात्री झालीय की या खेळावरची जी पुस्तकं टिकतात ती सगळी एका अर्थी कुंपणाची पुस्तकं असतात. आत शिरता न येणाऱ्यांची, किंवा आतून सुटता न येणाऱ्यांची.

खेळाच्या रचनेतच हे आहे. आमच्या गोव्यात फुटबॉल भात कापल्यावर शेतात खेळतात. क्रिकेटला शाळेचं मैदान चालतं, नाहीतर देवळासमोरची मोकळी जागा. टेनिसला २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद अशी आखलेली सपाट जमीन लागते, तिच्याभोवती धावायला आणखी जागा लागते आणि बॉल हरवू नयेत म्हणून चारी बाजूंनी उंच जाळी. त्या जमिनीवर काही पिकवायचं नाही, काही बांधायचं नाही. रोज तिची निगा राखायची ती मात्र शेतासारखी. एवढी जमीन रिकामी ठेवण्याची ऐपत कुणाकडे असते, हा प्रश्न गोव्यात वाढलेल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

माझे आजोबा, आईचे वडील, बार्देशातल्या एका भाटकाराचे मुंडकार होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : भाटकार म्हणजे जमीनदार, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा माणूस. घर मुंडकाराचं, पण घराखालची जमीन भाटकाराची, त्यामुळे हाक आली की जायचं. आजोबांना हाक यायची ती कोर्टासाठी. वाड्यामागे लाल मातीचं टेनिस कोर्ट होतं. दुपारी त्यावर पाणी मारायचं, माती जरा सुकली की लोखंडी रोलर ओढायचा, शिंपल्यांच्या चुन्याने रेषा ओढायच्या. चार वाजता माणसं यायची. लिस्बनहून शिकून आलेले भाटकाराचे मुलगे, गावचे डॉक्टर, कधी एखादा पोर्तुगीज अधिकारी. सगळे पांढऱ्या कपड्यांत. माझे मामा तेव्हा दहाबारा वर्षांचे. मामा आणि वस्तीतली दोनतीन पोरं जाळीपाशी उभी राहायची आणि बॉल गोळा करून द्यायची. “बॉल भायर पडलो की आमी धांवताले,” मामा सांगतात. बॉल कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, गेला तर काळोख पडेपर्यंत शोधायचा. नाताळात जुने, टक्कल पडलेले बॉल पोरांना मिळायचे आणि मग वर्षभर त्यांच्यावर क्रिकेट चालायचं. रॅकेट मात्र मामांनी कधी हातात धरली नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. तो विचारच कुणाच्या मनात आला नव्हता, असं ते म्हणतात, आणि मला यातच सगळं आलं असं वाटतं.

मी पाहिलं तेव्हा त्या कोर्टावर गुडघाभर गवत होतं आणि जाळी बांधायच्या दोन लोखंडी खांबांपैकी एकाला म्हैस बांधलेली असायची. १९६१ नंतर काळ बदलला होता. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा झाला, आणि पुढे आजोळचं घर खऱ्या अर्थाने आजोळचं झालं. कोर्ट कुणी कसत नव्हतं, कोर्टावर कुणी राहत नव्हतं, म्हणून त्यावर कुणाचा हक्क लागला नाही. ते भाटकारांचंच राहिलं. पुढे ती जमीन विकली गेली आणि आता तिथे बाहेरच्यांच्या ‘सेकंड होम्स’चं फाटकबंद संकुल आहे.

हे सगळं डोक्यात असताना मी जॉन मॅक्फी यांचं ‘लेव्हल्स ऑफ द गेम’ वाचलं. १९६९ सालचं छोटेखानी पुस्तक. सगळं पुस्तक एकाच सामन्यावर : १९६८ च्या अमेरिकन ओपनचा उपांत्य सामना, फॉरेस्ट हिल्स, एका बाजूला आर्थर ॲश, दुसऱ्या बाजूला क्लार्क ग्रेबनर. ॲश सर्व्हिससाठी बॉल वर टाकतो तिथे पुस्तक सुरू होतं. मग एक फटका, एक आठवण; एक गेम, एकाचं बालपण; पुन्हा कोर्ट. ग्रेबनर हा क्लीव्हलंडकडच्या एका दातांच्या डॉक्टरचा मुलगा. ॲश रिचमंड, व्हर्जिनियाचा. त्याचे वडील फक्त काळ्यांसाठी राखलेल्या एका सार्वजनिक बागेचे रखवालदार होते आणि घर त्या बागेतच होतं, त्यामुळे पोराच्या दाराशी कोर्ट होतं. शहरातल्या चांगल्या कोर्टांवर त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं.

या पुस्तकात डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन भेटतात. लिंचबर्गचे हे काळे डॉक्टर आपल्या घरच्या कोर्टावर काळ्या मुलांना तयार करायचे. अल्थिया गिब्सनही त्यांच्याच हाताखाली घडली. त्यांचा एक नियम असा की समोरच्याचा बॉल रेषेच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आत धरून परतवायचा. आणि पंचाशी वाद घालायचा नाही. गोऱ्यांच्या स्पर्धेत काळ्या पोराने एकदा वाद घातला की पुढच्या वेळी कुणालाच बोलावणं येणार नाही, हे त्यामागचं कारण. मी शाळेत इतिहास शिकवते. अन्याय कसा चालतो हे मुलांना समजावताना कायदे आणि सनावळ्या कमी पडतात, तेव्हा मी हे दोन इंच सांगते. मुलं लगेच गप्प होतात. स्वतःच्या हक्काचे दोन इंच रोज सोडून द्यायला शिकवणारा माणूस त्या मुलांवर किती प्रेम करत असेल, आणि ते शिकवताना त्याच्या जिवाचं काय होत असेल, हे त्यांना माझ्याआधी कळतं.

मॅक्फी यांचं म्हणणं असं की माणूस जसा असतो तसाच खेळतो. ग्रेबनर ॲशच्या मोकळ्या, धाडसी फटक्यांत त्याचा वंश पाहतो. ॲशला ग्रेबनरच्या ताठ खेळात त्याचं सुखवस्तू, जुन्या वळणाचं घर दिसतं. दोघेही डेव्हिस कपच्या संघातले सोबती, एकमेकांना नीट ओळखणारे. ती ओळख आणि तो आंधळेपणा एकाच वेळी दाखवणं ही लेखकाची करामत. ॲशने तो सामना जिंकला आणि पुढे टॉम ओक्करला हरवून स्पर्धाही जिंकली, पण हौशी खेळाडू म्हणून त्याच्या हाती आला तो रोजचा २० डॉलर भत्ता. बक्षिसाचे १४,००० डॉलर हरलेल्या ओक्करला मिळाले.

मामांना मी ही गोष्ट बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, बसून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ॲशच्या वडिलांविषयी जरा जास्त विचारलं. मग म्हणाले, “रोलर कोण ओडटालो थंय?”

या प्रश्नाने माझं वाचन बदललं. आत कोण, बाहेर कोण, एवढंच मी बघत होते. पण कोर्ट राखणारा माणूस तिसराच असतो. तो आत असतो आणि आतला नसतो. बासानींच्या बागेत पेरोत्ती नावाचा जुना नोकर आहे, फाटक उघडणारा, गाडी हाकणारा. मी ती कादंबरी पुन्हा काढली आणि या वेळी त्याच्यामागे फिरत राहिले. वाचताना दर दुसऱ्या पानावर वाटत होतं की या माणसाच्या खोलीतून ती बाग कशी दिसत असेल.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये इंग्रजांच्या क्लबात मेजवानी होते, हिंदी लोकांशी ओळख वाढवण्यासाठी म्हणून. बोलावलेली हिंदी मंडळी वेळेआधीच येतात आणि टेनिसच्या हिरवळीच्या पलीकडच्या कडेला घोळक्याने उभी राहतात. नुसती उभी. यजमान अलीकडे. मध्ये ते हिरवं कोर्ट. फॉर्स्टर यांना त्या वाक्यापुढे काही म्हणावं लागत नाही. त्यांच्याच ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये (१९०८) सेसिल नावाचा एक पुस्तकी तरुण आहे. चौथा खेळाडू हवाय, ये, म्हटल्यावर तो नकार देतो. काही माणसं पुस्तकांशिवाय कशाच्याच कामाची नसतात, असं कारण सांगतो. त्याच संध्याकाळी त्याची वाग्दत्त वधू लूसी लग्न मोडते. मला सेसिलची दया येते आणि लूसीचा निर्णयही पूर्ण पटतो. पुस्तकात मान घालून बसणं हेसुद्धा कुंपणच असू शकतं, समोर चार माणसं खेळायला बोलावत असताना तर नक्कीच.

मराठीत काय आहे? ना. सी. फडक्यांच्या कॉलेजातल्या देखण्या नायकाची जी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात बसलीय ती टेनिसच्या रॅकेटसकटच बसलीय. आमच्या गावच्या वाचनालयात त्या कादंबऱ्यांच्या पुठ्ठ्यांना खाकी कागद घातलेला असायचा आणि आई त्या रात्री कंदिलाखाली वाचायची. फडक्यांची भाषा तिला फार आवडायची, मलाही आवडते. इतकं नितळ गद्य लिहिणारे मराठीत थोडे. पण ज्या मुलीच्या वडिलांनी कोर्टावर रोलर ओढला तिला ती रॅकेट हातात घेतलेला नायक वाचताना काय वाटत असेल, हे मी तिला विचारायला हवं होतं अशा प्रश्नांपैकी एक. ती असताना मला तो सुचला नव्हता.

फिलिप रॉथ यांची ‘गुडबाय, कोलंबस’ (१९५९) मला या सगळ्यात फार जवळची वाटते, कारण तिचा निवेदक नील नेवार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करतो. श्रीमंत उपनगरातली ब्रेंडा त्याला क्लबाच्या पोहण्याच्या तलावापाशी दिसते आणि त्याच संध्याकाळी तो तिला टेनिस खेळताना बघायला जातो. जाळीबाहेर उभा राहतो. ब्रेंडा कोर्टाच्या मधल्या जाळ्याजवळ येऊन खेळायला तयार नसते, कारण नाकाची शस्त्रक्रिया करून घेतलीय, बॉल लागला तर? अंधार पडायला लागतो तशी ती पुढे सरकते. घरच्या पैशाने नाक बदलून घेतलेली मुलगी उजेडात जपून खेळते आणि काळोखात बेधडक. दोनअडीच पानांत रॉथ यांनी एक वर्गच्या वर्ग उभा केला आहे. पुढे ग्रंथालयात एक लहान काळा मुलगा रोज गोगँच्या चित्रांचं पुस्तक बघायला येतो, आणि नील त्या मुलासाठी ते पुस्तक राखून ठेवायला धडपडतो. टेनिस कोर्टावर बाहेर असलेला माणूस इथे दाराशी बसलेला असतो. दार कुणासाठी उघडायचं ते त्याच्या हाती असतं.

आता कुंपणाच्या आतली पुस्तकं. आंद्रे आगासीचं ‘ओपन’ (२००९) बहुतेकांनी वाचलेलं असतं. इराणकडून दोन ऑलिंपिक खेळलेला मुष्टियोद्धा बाप लास व्हेगासमध्ये घर घेताना मागच्या जागेत कोर्ट बसेल का ते आधी मोजतो. मग बॉल फेकणारं एक यंत्र तयार करतो. पोराने त्याचं नाव ड्रॅगन ठेवलेलं. दिवसाला २,५०० बॉल, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख. एवढे बॉल परतवणाऱ्या मुलाला जगात कुणी हरवू शकणार नाही, हा बापाचा हिशेब. पुढे वयाच्या तेराव्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत रवानगी. मला टेनिसचा तिटकारा आहे, असं तो पानोपानी सांगतो आणि ते खरंच वाटतं. हे लिहायला जे. आर. मोरिंगर हे पुलित्झर मिळवलेले पत्रकार मदतीला होते आणि त्यांनी स्वतःहून आपलं नाव मुखपृष्ठावर घेतलं नाही. नववीत शाळा सुटलेल्या या माणसाने पुढे लास व्हेगासमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. पुस्तकाचा तो शेवटचा भाग अनेकांना फिका वाटतो. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बापाने बांधलेल्या पिंजऱ्यातून सुटलेला माणूस मुलांसाठी जागा बांधायला घेतो, तेव्हा ती कशी असावी याचा त्याने केलेला विचार माझ्यासारख्या शिक्षिकेला पुष्कळ काही देतो.

व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी बर्लिनमध्ये टेनिसच्या शिकवण्या करून पोट भरलं होतं आणि ‘लोलिता’त टेनिसवरची जी पानं आहेत ती खेळ आतून जाणणाऱ्याची आहेत. मुलीचा खेळ देखणा, निर्दोष, पण तिला जिंकायचंच नसतं. तिचं बालपण नासवणारा हम्बर्टच निवेदक आहे, आणि तिच्यातलं काहीतरी आपण मोडलं नसतं तर तिला जिंकण्याची इच्छाही झाली असती, हे तोच कबूल करतो. तो सगळं पुस्तकभर शब्दांचे मनोरे रचतो. त्या मनोऱ्यांतून त्या मुलीचं जे थोडंफार खरं दर्शन होतं ते कोर्टावर होतं. ही पानं वाचणं जड जातं आणि तरी ती वाचावीत असं मी म्हणेन.

काही पुस्तकं मी आनंदाने वाचली आणि त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘कॅट अमंग द पिजन्स’मध्ये (१९५९) रॅकेटच्या मुठीत रत्नं लपवलेली असतात; टेनिस असलेलं मी वाचलेलं पहिलं पुस्तक तेच. अलीकडचं ‘कॅरी सोटो इज बॅक’ (२०२२) एका बैठकीत संपलं. बापलेकीचं नातं सुरेख, पण अडचणी सगळ्या नायिकेच्या मनातल्या. बाहेरचं जग तिला फारसं अडवत नाही, म्हणून ते माझ्याजवळ राहिलं नाही.

पावसाळा हा आमच्याकडे अशा वाचनाचा काळ. जूनपासून कोर्टावर शेवाळ धरतं आणि सप्टेंबर सरेपर्यंत खेळ बंद. मी बऱ्याच उशिरा, चाळिशी उलटल्यावर खेळायला शिकले, ताळगावच्या एका वसाहतीतल्या सिमेंटच्या कोर्टावर. शिकल्याचा खरा फायदा वाचताना झाला. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी इलिनॉयच्या सपाट प्रदेशात पोरवयात टेनिस खेळण्यावर एक निबंध लिहिला आहे. तिथला वारा हाच त्यात खरा खेळाडू. जास्त कसबी पोरं वाऱ्यावर चिडायची, वॉलेस वाऱ्याला धरून खेळायचे आणि जिंकायचे. दुपारनंतर करंजाळ्याकडून समुद्रावरचा वारा येतो आणि वर टाकलेला बॉल हातभर सरकतो, तेव्हा मला त्या निबंधाचा अर्थ खांद्यातून कळतो. वॉलेस यांची ‘इन्फिनिट जेस्ट’ (१९९६) ही हजारावर पानांची कादंबरी टेनिस अकादमीत घडते, ती मी दोन पावसाळे पुरवून वाचली. हुशार, एकाकी पोरं, आणि जाळीच्या आत सगळं जग. त्या मुलांना बाहेर जायला दार उघडं असतं आणि तरी ती जात नाहीत. इतकं अस्वस्थ करणारं कुंपण दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मला भेटलेलं नाही.

सानिया मिर्झाचं ‘एस अगेन्स्ट ऑड्स’ (२०१६) वाचताना मात्र मी हसले, सुखाने. ती हैदराबादेत शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळून मोठी झाली. शेणाने सारवलेली जमीन म्हणजे आमचं अंगण! ते आई आणि मावशी दर शनिवारी सारवायच्या. सारवण कसं करायचं, किती पातळ, कुठल्या हाताने, हे ज्या बायकांना ठाऊक होतं त्यांना जागतिक दर्जाचं कोर्ट राखता आलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

नववीच्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवते तेव्हा दर वर्षी एक गोष्ट मला नव्याने आवडते. २० जून १७८९ ला सामान्यांच्या प्रतिनिधींना व्हर्सायमधल्या सभागृहाचं दार बंद आढळलं, म्हणून ते जवळच्या टेनिसच्या बंदिस्त कोर्टात शिरले आणि संविधान दिल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ त्यांनी तिथे घेतली. राजेरजवाड्यांच्या खेळाची जागा. बाहेर ठेवलेली माणसं आत आली आणि तिथेच उभी राहिली. वर्गात कुणीतरी नेमकं विचारतं, मग त्या दिवशी खेळायला आलेल्यांचं काय झालं?

रिचमंडमध्ये आर्थर ॲशचा पुतळा आहे, १९९६ मध्ये उभारलेला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानींचे पुतळे ज्या रस्त्यावर होते त्याच रस्त्यावर. ते पुतळे आता हटवले गेले, हा राहिला. पुतळ्यातल्या ॲशभोवती मुलं आहेत. त्याच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तकं, आणि पुस्तकांचा हात वर आहे. हा माणूस पुस्तकवालाच होता. काळ्या खेळाडूंवर शिकवायला बसला तर हाताशी पुरेसं साहित्यच नाही, म्हणून त्याने स्वतः तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला, १९८८ मध्ये. हवं ते पुस्तक कपाटात नसेल तर ते आपण लिहायचं, इतक्या साध्या समजुतीने.

मला जे पुस्तक वाचायचंय ते रोलर ओढणाऱ्याचं. गोव्यात ते घडून गेलेलं आहे, आणि लिहिलेलं मला कुठे सापडत नाही. म्हणून मामांकडून ऐकून मी वहीत उतरवून ठेवतेय. चुना कुठून यायचा, पाणी कुठल्या विहिरीचं, साहेबांपैकी कोण बॉल चुकला की शिव्या द्यायचा आणि कोण पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. परवा त्यांनी सांगितलं की रोलर एकट्याला हलत नसे, दोघं लागायचे. आजोबांबरोबरचा दुसरा माणूस शेजारच्या वस्तीतला. त्याचा मुलगा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेऊन बसतो, त्याला भेटायला येत्या शुक्रवारी जाणार आहे. भाटकाराची एक नात लिस्बनला असते. तिलाही पत्र लिहिलंय. संध्याकाळी वाड्याच्या खिडकीतून ते कोर्ट कसं दिसायचं, तिच्या घरात त्याविषयी काय बोललं जायचं, आणि कोर्ट राखणाऱ्यांची नावं घरात कुणाला माहीत होती का, एवढंच विचारलं आहे.